पिंक फ्लॉइडचा स्वर कुणाचा? रिक राइटची आठवण

रात्रपाळी

१५ सप्टेंबर जवळ आला की मी पिंक फ्लॉइडचं 'एकोज' हे गाणं लावतो. २००८ साली याच तारखेला या ब्रिटिश रॉक बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड (रिक) राइट कर्करोगाने गेला. वय ६५. त्यानंतर बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मरने लिहिलं होतं की फ्लॉइड म्हणजे नेमकं कोण, या वादावादीत रिकचा केवढा मोठा वाटा होता याचाच विसर पडतो. आपणही तेच करतो. बासवादक आणि गीतकार रॉजर वॉटर्स की गिल्मर यावर रात्री जागवतो आणि तिसऱ्या माणसाचं नावही घेत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. शब्द वॉटर्सचे, गिटार गिल्मरची, पण फ्लॉइडचा स्वर राइटचा. 'एकोज' १९७१ सालचं, 'मेडल' या अल्बमची अख्खी दुसरी बाजू, तेवीस मिनिटांहून जास्त. सुरुवातीला काय आहे? पियानोची एकच वरची पट्टी, एका बोटाने दाबलेली. टप्. मग शांतता. पुन्हा टप्. खोल पाण्यात थेंब पडावा तसा तो सूर थरथरत पसरतो. हेडफोन लावून अंधारात ऐका. गिटार यायच्या आधीच आपण कुठल्या कुठे गेलेलो असतो. गाताना गिल्मरच्या आवाजाला चिकटून जो दुसरा मऊ आवाज येतो, तोही राइटचाच.

भिंतीपलीकडे

असहमत, आणि मनापासून असहमत. माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलं बोलावं हे ठीक, पण म्हणून इतिहास बदलू नये. फ्लॉइड लोकांच्या मनात राहिला तो त्यातल्या विचारामुळे. पैसा, वेळ, वेड, युद्धात गेलेला बाप, ही सगळी वॉटर्सची जखम आहे. १९७७ चा 'अ‍ॅनिमल्स' बघा, एकाही गाण्याच्या श्रेयात राइटचं नाव नाही, तरी माझ्या मते तोच त्यांचा सर्वांत धारदार अल्बम. 'वेट ड्रीम' आणि 'ब्रोकन चायना' हे त्याचे स्वतःचे अल्बम इथे कितीजणांनी पुरते ऐकलेत? २००७ साली मुंबईत वॉटर्सने 'द डार्क साइड ऑफ द मून' हा फ्लॉइडचा अल्बम पूर्ण वाजवला तेव्हा मी समोर उभा होतो. राइट नव्हता, पण लोक शब्द न् शब्द गात होते. लोक पट्ट्या गात नाहीत, शब्द गातात.

पेटीमास्तर

मी वीस वर्षं गायकांना पेटीची साथ करतोय, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही. साथ करणाऱ्याची खरी परीक्षा कुठे भरायचं यात नसते. कुठे हात उचलून ठेवायचा, यात असते. गवई जागा घेत असताना पेटी मध्ये आली की मैफल गेली. राइटला हे उपजत कळत होतं. 'ब्रीद'मध्ये पुन्हा सुरुवातीच्या सुरावर येण्याआधी एक कॉर्ड आहे, जरा आंबट, जरा जॅझची. ती माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'मधून सुचली, असं राइटने स्वतः पियानोवर वाजवून सांगितलंय. ती काढा आणि तिथे साधी कॉर्ड लावून बघा. गाणं एकदम बाळबोध होतं.

त्या थेंबाचंही सांगतो. तो पियानो मायक्रोफोनमधून लेस्ली स्पीकरला जोडला होता. लेस्ली म्हणजे लाकडी कपाटासारखी पेटी, आत भोंगा गरागरा फिरतो, म्हणून सूर डोलल्यासारखा ऐकू येतो. हे यंत्र मुळात हॅमंड ऑर्गनच्या सोबतीचं. पियानो त्यातून घालवून बघणं हे कान असलेल्या माणसांचंच काम. नंतर तोच सूर नव्याने ध्वनिमुद्रित करायला गेले तर ती जादू पुन्हा येईना, म्हणून पहिला प्रयोगच अल्बममध्ये घेतला. असा सूर श्रेयनामावलीत कुठल्या रकान्यात लिहिणार?

भिंतीपलीकडे

मास्तर, तुमच्या साथीबद्दल आदर आहेच. पण साथ उत्तम केली म्हणून मैफल साथीदाराच्या नावावर होते का? धागाकर्त्यांचा दावा तोच आहे, आणि तिथेच माझा आक्षेप आहे. १९७९ मध्ये 'द वॉल'च्या वेळी राइटला बाहेर जावं लागलं. वर्षाच्या आत अल्बम पुरा करायचा होता, तो ग्रीसमधली सुट्टी अर्धवट सोडायला तयार नव्हता. वॉटर्स कठोर वागला, मान्य. पण त्या काळात आपल्याकडे देण्यासारखं फारसं नव्हतं हे पुढे राइटनेही कबूल केलंय. आणि तो नसताना 'द वॉल' थांबला नाही.

अवनी_डोंबिवली

विसरलेल्यांचाच हिशोब मांडायचा तर पूर्ण मांडा. राइटचं सर्वांत मोठं गाणं कुठलं? 'द ग्रेट गिग इन द स्काय'. त्यात पियानो सुंदर आहे, पण अंगावर काटा येतो तो क्लेअर टोरीच्या आवाजाने. १९७३ च्या जानेवारीत एका रविवारी ती स्टुडिओत आली, शब्द नव्हते, चाल नव्हती, तिने तिथल्या तिथे गळ्यातून काढलं ते आपण आज ऐकतो. मानधन ३० पौंड. रचनेचं श्रेय एकट्या राइटचं. २००४ मध्ये ती कोर्टात गेली, पुढच्या वर्षी तडजोड झाली, तेव्हा कुठे रचनेच्या श्रेयात तिचं नाव लागलं. ज्याच्यावर अन्याय झाला म्हणून आपण हळहळतो, त्याच्याच गाण्यात एका बाईचा वाटा तीस वर्षं झाकला गेला. मला राइट आवडतो, म्हणूनच हे जास्त खुपतं.

रात्रपाळी

अवनी, हे मी लिहायला हवं होतं. चूक मान्य. तो करुण पियानो राइटचा आणि त्यावरचा आक्रोश टोरीचा, दोन्ही नावं एकत्रच घ्यायला हवीत.

भिंतीपलीकडे, तुम्ही 'अ‍ॅनिमल्स'चं उदाहरण दिलंत म्हणून विचारतो. 'शीप' सुरू होतं ते कशाने? कुरणावर धुकं असावं तसा इलेक्ट्रिक पियानो, एकटाच, भटकत भटकत येतो. तो राइट आहे. श्रेय नाही, पण हात त्याचे आहेत. 'अस अँड देम'ची चाल त्याने अँतोनिओनीच्या चित्रपटासाठी बांधली होती, दिग्दर्शकाने ती नाकारली. तीन-एक वर्षं ती पडून होती. वॉटर्सचे युद्धाबद्दलचे शब्द इतके खोल लागतात कारण खाली ती चाल आहे. मुंबईत लोक शब्द गात होते म्हणता, पण ते कुठल्या चालीवर?

आणि 'द वॉल' थांबला नाही हे खरं, पण त्याच्या कार्यक्रमांत राइट पगारी वादक म्हणून उभा राहिला. जो बँड त्याने आर्किटेक्चर शिकताना वॉटर्स आणि ड्रमवादक निक मेसनबरोबर उभा केला, त्यातच पगारी. ते कार्यक्रम तोट्यात गेले, तोटा बाकीच्या तिघांनी सोसला, पैसे फक्त राइटला मिळाले. हा किस्सा लोक हसून सांगतात. मला कधीच हसू आलं नाही.

केदार७७

वादात पडत नाही, एक आठवण सांगतो. कॉलेजात 'विश यू वेअर हिअर'ची कॅसेट होती. शेवटी 'शाइन ऑन' विरत जातं तेव्हा मी सवयीने टेप बंद करायचो. एकदा बोट बटणावर ठेवून थांबलो आणि आवाज पूर्ण वाढवला. अगदी शेवटी, कॅसेटच्या खरखरीत, मिनिमूग या सिंथेसायझरवर दोन-चार सूर: १९६७ च्या 'सी एमिली प्ले'ची ओळ. बँडचा पहिला म्होरक्या, लवकरच बाहेर पडलेल्या सिड बॅरेटचं गाणं, सिडसाठीच लिहिलेल्या गाण्याच्या टोकाला. वाजवणारा राइट. पुढे सिडचा दुसरा एकल अल्बम गिल्मरबरोबर त्यानेच उभा केला होता हे वाचलं, तेव्हा ते सूर पुन्हा ऐकवेनात.

भिंतीपलीकडे

काल रात्री 'शीप' पुन्हा लावलं. इतकी वर्षं मी वॉटर्सचा आवाज यायची वाट बघत ती सुरुवात नुसती जाऊ देत होतो. काल दोनदा मागे नेऊन ऐकली. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर, त्याचं नाव तिथे असायला हवं होतं. बाकी माझं मत आहे तिथेच आहे. 'वेट ड्रीम' मात्र शोधतोय, कुणाकडे चांगली प्रत असेल तर सांगा.