मदत हवी आहे: नवतपा, घरात नऊ माणसं आणि रात्रीचा स्वयंपाक

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वेळ नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

आम्ही नागपूरला. सोमवारी नणंद तिच्या दोन पोरांना घेऊन आठवडाभर राहायला येतेय डोंबिवलीहून. नवऱ्याची मोठी बहीण, आम्ही ताईच म्हणतो, माणूस म्हणून अगदी गोड, तिची तक्रार नाहीच मुळी. पण तारीख बघा, २५ मे. सूर्य रोहिणीत जायचा, म्हणजे नवतपाचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस सुरू व्हायचे, आणि आमच्याकडे पाहुणे यायचे एकच मुहूर्त.

घरात आम्ही सहा, म्हणजे मी, नवरा, मुलगी (सातवीत गेली), मुलगा (तिसरीत), आणि आई-बाबा म्हणजे माझे सासू-सासरे. त्यात हे तिघं, म्हणजे रात्रीची नऊ पानं. मी सकाळी भाजी-पोळी करून नऊला निघते, दुपारचं बाकीचं आई बघतात, संध्याकाळी साडेपाच-पावणेसहाला मी घरी. रात्र माझ्याकडे.

आता खरी अडचण सांगते. आमचं किचन पश्चिमेला आहे, संध्याकाळी सहाला ओट्यामागच्या भिंतीला हात लावला तर चटका बसतो. हॉलमध्ये मोठा कूलर, त्याला यंदा नवीन खस लावलाय, मस्त वास येतो, सगळे तिथे बसलेले असतात आणि मी आत पोळ्या लाटत. कूलरचं तोंड किचनकडे फिरवलं की गॅस विझतो, पंखा लावला की फडफडतो, दोन्ही बंद केलं की मी विझते. मागच्या आठवड्यात एका संध्याकाळी चक्कर आल्यासारखं झालं म्हणून खाली बसले तर मुलगा येऊन विचारतो, आई आज स्पेशल काय आहे.

आणि प्रत्येकाचं वेगळं. बाबांना शुगर आणि बीपी आहे, त्यांना रात्री आठच्या ठोक्याला ताजी पोळी किंवा भाकर लागते, सकाळची वाढली तर बोलत काही नाहीत पण अर्धी ठेवून उठतात. आमरस वाढला नाही तर ते रुसतात, वाढला तर आई रुसतात. ताईची मोठी तिखट खात नाही. लहान्याचं तर असं आहे की तो फक्त पांढरं खातो, भात, दही, इडली, संपलं. नवरा सगळं खातो पण साडेदहाला, कारण म्हणे त्याआधी उन्हामुळे भूकच लागत नाही. म्हणजे मी साडेसहा ते साडेदहा ओट्याला बांधलेली.

यात भर म्हणजे आईंनी ताई आहे तोवर कुरडया करायचं काढलंय. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, आणि पहाटे पाचला तो गॅसवर घोटायचा, कारण ऊन चढायच्या आत गच्चीवर कुरडया घालून झाल्या पाहिजेत. पोरांना गरम चीक खायला आवडतो, मलाही आवडतो, खोटं कशाला बोलू. पण म्हणजे पहाटेही गॅस आणि रात्रीही गॅस.

मला रेसिपी नकोयत, त्या येतात. गोळाभात, कढी, झुणका, सरगुंडे (गव्हाच्या वाळवलेल्या नळ्या) आणि रस, आंबील हे सगळं डोक्यात आहे. मला सात रात्रींची अशी मांडणी हवीय की ओट्याशी रोज अर्ध्या तासाच्या वर उभं राहावं लागणार नाही आणि बाबांना ताजं मिळेल. बाहेरून मागवा म्हणू नका प्लीज, एक दिवस ठीक आहे, रोज नऊ जणांचं परवडत नाही आणि बाबांना चालतही नाही. आणि हो, चार पोरं दुपारी बारा ते सहा घरात कोंडलेली असतील, त्यांचं काय करायचं तेही कोणी सांगा. आमच्याकडच्या शाळा जूनच्या शेवटाला उघडतात, तोवर टीव्हीचा रिमोट हेच मुख्य भांडण.

पाटोडी
ताई, तुमचं उत्तर तुमच्याच पोस्टमधे आहे की. पहाटे पाचला चीक घोटायला गॅस पेटणारच आहे ना, मग दुसरा बर्नर रिकामा कशाला ठेवता? कुकरात खाली तूर डाळ वर आलू, झालं की लगेच चवळी नाहीतर मटकी. सहापर्यंत सगळं शिजून गार व्हायला ठेवा आणि ऑफिसला निघायच्या आत फ्रीजमधे, बाहेर नका ठेवू, ह्या उन्हात दुपारपर्यंत आंबतं. संध्याकाळी फक्त फोडणी. वरणाला आज लसूण, उद्या चिंच-गूळ, परवा कैरी, कोणाला कळत पण नाही डाळ तीच आहे ते. आमच्याकडे मागच्या मे मधे लाइट दिवसातून तीनदा जायची तेव्हा फ्रीज उघडायची पण पोरांना बंदी होती, तसं काही असेल तर उसळीच्या भानगडीत पडू नका, डाळच करा.

गोळाभात मात्र दोनदा करा. भात अर्धा शिजला की वर डाळीचे गोळे ठेवून झाकण घालायचं आणि बाहेर येऊन बसायचं. हिंग-मोहरी-लाल मिरचीचं तेल वेगळ्या वाटीत, म्हणजे तिखट न खाणारी आणि पांढरं खाणारा दोघंही त्याच गंजातलं (पातेल्यातलं) जेवतात.

मटार_उसळ
आम्ही पुण्यात उन्हाळ्यात सरळ दहीभात, मेतकूट-तूप-भात, कैरीचं लोणचं असं जेवतो. साडेसातला जेवून मोकळं. रात्री पोळी हवीच हा हट्ट का?

ठेचा
@मटार_उसळ भाऊ, पुण्याच्या ३९ वर बसून नागपूरच्या ४५ ला सल्ला देऊन राहिले तुम्ही 😀 आणि सासऱ्यांना शुगर आहे, त्यांना रोज रात्री भात कसा चालंल?

ताई, गच्ची आहे ना तुमची? मग किचन वर न्या. आमच्या आजीच्या काळी उन्हाळ्यात शेगडी अंगणातच निघायची, आत कोणी रांधत नव्हतं. सहाला गच्चीवर पाणी मारा, आधी नुसती वाफ येते, दुसऱ्यांदा मारा, साडेसातपर्यंत फरशी पाय ठेवण्यासारखी होते. वर भाकरी करा. इंडक्शन असेल तर एक लक्षात ठेवा, ते २००० वॅटपर्यंत ओढतं, साध्या एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका, वितळतो (अनुभव). १६ अँपियरचा सॉकेट वर नसेल तर छोटा गॅस न्या, फक्त वारा अडवायला तीन बाजूंनी पत्रा लावा.

धागाकर्ती
गच्चीची कल्पना आवडली. आईंना विचारलं तर त्या लगेच म्हणाल्या आम्ही वर्धेला असताना असंच करायचो. मग इतकी वर्षं बोलल्या का नाहीत कोण जाणे. इंडक्शनवर माझी भाकर फुगत नाही आणि वर सॉकेटही साधाच आहे, त्यामुळे जुना छोटा सिलिंडर आहे तो भरून आणायला सांगितलाय.

कैरी
पोरांसाठी लिहिते. दुपारी बारा ते चार कुठेही नेऊ नका, त्यात काही शहाणपणा नाही. चारनंतर मेट्रो. लोकमान्य नगरला बसवा, सीताबर्डीला बदला, खापरीपर्यंत जा आणि तसेच परत या, गार डब्यात दीड तास सहज जातो आणि डोंबिवलीच्या पोरांना लोकलमधे मिळत नाही ती खिडकी मिळते. एक दिवस रमण सायन्स सेंटर. एकदा पहाटे अंबाझरी, पण पहाटे म्हणजे साडेपाच, सातला तिथेही ऊन बोचतं. घरात असताना पोरांना काम द्या हो. आंबे बादलीत भिजवणं, पिळणं, कोयी चोखणं यात आमची दुपार जायची. बैगनपल्ली घ्या, रस भरपूर निघतो.

(आणि तापमानाचे आकडे बघत बसू नका. २०२४ च्या मे अखेर इथल्या एका ऑटोमॅटिक स्टेशनने ५६ दाखवले होते, सगळीकडे बोंबाबोंब, मग कळलं सेन्सरच बिघडलेला. खरा रेकॉर्ड ४७.९ चा आहे, २०१३ चा, तो काय कमी आहे का.)

कडू_कारलं
सगळे मांडणी सांगतायत, मला एकच विचारायचंय. घरात नऊ माणसं, त्यातली पाच मोठी, आणि ओट्याशी एकच. साडेदहाला जेवणारा गृहस्थ सात ते साडेदहा काय करतो?

धागाकर्ती
@कडू_कारलं कूलरमधे पाणी भरतो 😅 नाही, खरंच भरतो, रोज चार बादल्या. पण मुद्दा पोचला. तुमचा प्रतिसाद मोबाइलवर तसाच उघडा ठेवून, मोबाइल हॉलमधे टीपॉयवर सोडून मी अंघोळीला गेले होते. बाहेर आले तर मोबाइल उलटा ठेवलेला होता.

धागाकर्ती (शुक्रवार रात्री)
कोणी विचारलं नाही तरी अपडेट देतेय.

सोमवारी ताई आली, ट्रेन तीन तास लेट, सगळे दमलेले, आदल्या दिवशी करून ठेवलेली आंबील गारच प्यायले आणि वर दहीपोहे. लहान्याने दहीपोहे पांढरे म्हणून खाल्ले. सोमवार फुकटात सुटला.

मंगळवारी गच्चीचा पहिला प्रयोग. पाणी दोनदा मारलं, पत्रा लावला, तरी वारा असा की पीठ उडून शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर. शेजारच्या काकू वर आल्या त्या भांडायला नाही, भाकर बघायला. मग त्यांनीच दोन थापून दिल्या. झुणका खालून करून नेला होता, कांदा फोडून घेतला, कैरीचा तक्कू. बाबांनी दोन अख्ख्या भाकरी खाल्ल्या, आठला नाही, पावणेनऊला, आणि वेळेबद्दल शब्द नाही. वर हवा होती म्हणून असेल.

बुधवारी गोळाभात आणि कढी. पाटोडी तुमचे आभार, फोडणीचं तेल वेगळं ठेवायची युक्ती चालली, फक्त ताईच्या मोठीने हट्टाने चमचाभर घेतलं आणि मग अर्धा तास माठाशी उभी होती. त्याच दिवशी मेट्रो झाली. माझा मुलगा येऊन सांगतो की मुंबईच्या दादाला आपली मेट्रो आवडली पण त्यात वडापाव मिळत नाही.

काल सरगुंडे आणि रस. चौघं पोरं दुपारभर आंबे पिळत बसली, न्हाणीघर, भिंती, आईंचं पातळ सगळं पिवळं, पण रिमोटचं नाव निघालं नाही. सरगुंडे मागच्या वर्षीचे होते, पाण्यात उकळून घेतले की झालं, वीस मिनिटांत बाहेर. बाबांचा प्रश्न आईंनीच सोडवला, त्यांना एक छोटी वाटी रस आणि सोबत भाकर, आणि वाटी स्वतः वाढली, मला मधे पडू दिलं नाही. रुसवा अर्धा अर्धा झाला.

आणि आज नवऱ्याने भाकरी केल्या. कोणी सांगितलं नव्हतं. सव्वासातला वर गेला, मला म्हणाला तू बस. पहिली नकाशासारखी, दुसरी तव्याला चिकटली, तिसरीनंतर ताई न राहवून हात लावायला गेली तर आई तिला म्हणाल्या, राहू दे, करून राहिला ना तो. जेवायला पावणेदहा वाजले. बाबांनी आठलाच फुटाणे खाऊन घेतले होते. मी खाटेवर बसून पन्हं प्यायले आणि खरं सांगायचं तर मला तिथे करमेना, दोनदा उठले, दोनदा बसवलं. उद्या खिचडी त्याचीच आहे, रविवारी बाहेरून.

आता नवीन अडचण, त्यासाठीच खरं लिहायला बसले. आज पहाटे चीक घोटताना मी मीठ घातलं आणि मग आईंनीही घातलं, दोघींनी एकमेकींना न सांगता. कुरडया घालून झाल्यावर पोरांनी उरलेला चीक तोंडात टाकून थुंकला तेव्हा कळलं. तीन किलो गव्हाच्या कुरडया गच्चीवर वाळतायत. वाळल्यावर कमी लागेल का मीठ? आई म्हणतात लागेल. मला नाही वाटत.

पाटोडी
नाही हो, पाणी उडून जातं, मीठ तिथेच राहतं, वाळल्यावर आणखीच खारट लागतील. टाकू नका पण. तळून खायच्या नाहीत एवढंच ठरवा. कुरडईची भाजी करा, गरम पाण्यात भिजवायच्या, ते पाणी फेकायचं, बरंच मीठ त्यात उतरतं, मग कांदा-मिरचीवर परतायच्या, वरून मीठ अजिबात नाही. दहा मिनिटांत होते, रात्रीच्या जेवणाला चालते. तीन किलोच्या म्हणजे पुढच्या मे पर्यंत पुरतील.