शाळूचं रान आणि थांबणं
मुलाच्या नोकरीसाठी थांबलेल्या ताईंना "प्रभूवर सोपवलं की आपण करायचं काही उरत नाही" असं वर एकांनी लिहिलंय, ते मला पटत नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात 5व्या अध्यायात धीर धरायला सांगताना उदाहरण शेतकऱ्याचंच आहे, पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहणाऱ्या. तिकडं इस्राएलात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणीला, शेवटचा मार्च-एप्रिलात दाणा भरायला.

आमच्या सांगलीकडच्या जत भागात शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, तसंच. पेरणी परतीच्या पावसावर, पण तोवर रान कुणी तसंच टाकत नाही. बांध सावरायचे, तण दिसलं की कुळवाची पाळी घालायची (बैलांच्या औतानं वरची माती मोकळी करायची), म्हणजे पडेल तो थेंब रानातच मुरतो. माझे चुलते आभाळ कोरडं असलं तरी पाळी चुकवत नसत. औत जुंपण्याआधी टोपी काढून बांधावर प्रार्थना करायचे. पाऊस मागायचेच, पण आधी गेल्या सालच्या ज्वारीबद्दल आभार, मग ती चार पोती का असेना.

मुलाच्या नोकरीसाठी थांबलेल्या ताई, त्याचे अर्ज आणि तुमची प्रार्थना, दोन्ही चालू राहू दे. आमच्या घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत त्याच्यासाठी मागतोय.