दोन क्रेडिट विद्यार्थ्यांच्या हातात द्यायला काय हरकत आहे?

राजारामपुरी_सहावी_गल्ली (धागाकर्ता)

शिवाजी विद्यापीठाच्या परिक्षेत्रात शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या सगळ्यांपुढे हा विषय ठेवतोय. मी भूगोलात एम.ए. करतोय.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पदवीला मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (बाहेरचा ऐच्छिक विषय), कौशल्याचे पेपर, फील्ड प्रोजेक्ट असे रकाने आले. क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून ठरणारं श्रेयांक; चार वर्षांची पदवी १६० ते १७६ क्रेडिटची. कागदावर निवड भरपूर दिसते. प्रत्यक्षात ज्या सरांचा लोड (शिकवण्याचे ठरलेले तास) भरत नाही त्यांचा विषय ओपन इलेक्टिव्ह म्हणून वर्गाच्या माथी येतो. माझ्या धाकट्या भावाच्या वर्गाला दोन पर्याय होते, त्यातला एक ‘विद्यार्थी कमी’ म्हणून बंद झाला. मग निवड कसली?

माझी मागणी छोटी आहे. यातले फक्त दोन क्रेडिट विद्यार्थ्यांच्या गटाला द्या. सहा ते दहा जणांनी मिळून विषय ठरवायचा, आठवड्यावार आराखडा लिहायचा, काय वाचणार आणि गुण कशावर देणार तेही लिहायचं. एका शिक्षकाने मार्गदर्शक म्हणून जबाबदारी घ्यायची. विभागाच्या समितीने तो मंजूर करायचा किंवा शेरे मारून परत पाठवायचा. मंजुरी नाही तर क्रेडिट नाही.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात १९६० च्या दशकात विद्यार्थ्यांच्या एका गटाने प्राध्यापकांना बरोबर घेऊन आपल्याच विद्यापीठाच्या शिक्षणाचा अभ्यास केला. त्यातून भलामोठा अहवाल निघाला आणि १९६९ मध्ये प्राध्यापकांनी तिथला अभ्यासक्रमच बदलला. गटाने विषय आखायचा, प्राध्यापकाने पाठीशी उभं राहायचं, ही पद्धत तिथे पुढेही चालू राहिली. अमेरिकेतल्याच बर्कली विद्यापीठात ‘डीकॅल’ नावाने विद्यार्थीच एकमेकांना छोटे कोर्स शिकवतात. त्यामागेही एक प्राध्यापक जबाबदार असतो आणि तिथे ग्रेड नसते, फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण.

आमच्या गटाचा आराखडा तयार आहे. विषय पंचगंगेचा पूर. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे कोल्हापुरातलं शेंबडं पोरही सांगतं. पण ते फूट कुठून मोजतात, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्यावर पाणी शहरात यायला किती वेळ लागतो, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याबद्दल (मागे साचत येणाऱ्या पाण्याबद्दल) पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने नेमकं काय म्हटलंय, २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत फरक काय, हे सलग कुठल्याच पेपरात नाही. गटात भूगोलाचे, संख्याशास्त्राचे, समाजशास्त्राचे आणि मराठीचे विद्यार्थी आहेत. चिखलीत आणि आंबेवाडीत जाऊन लोकांशी बोलायचं, पाणीपातळीच्या नोंदी मिळवायच्या आणि नकाशे करायचे.

आमच्या गावचा पूर आम्हाला शिकायचाय, त्यासाठी क्रेडिट मागतोय. तुमचं मत सांगा.

निवृत्त_संख्याशास्त्र

बाळ, तळमळ पोचली. तरी माझा विरोध आहे आणि तो सविस्तर सांगतो.

अभ्यासक्रमाला क्रम असतो आणि तो ज्याला विषय पूर्ण ठाऊक आहे त्यालाच लावता येतो. ‘शंभर वर्षांत एकदा येणारा पूर’ हा शब्दप्रयोग घे. अर्ध्या शहराला वाटतं की २०१९ ला येऊन गेला, आता शंभर वर्षं काळजी नाही. त्याचा खरा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांच्या घरकर्जाच्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते. हे समजायला आधी संभाव्यता लागते, मग टोकाच्या मूल्यांची वितरणं, म्हणजे फार मोठा पूर किती वेळा येईल हे मोजायची गणितं, त्यातलं गम्बेलचं वितरण वगैरे. तुमच्या आराखड्यात ते आहे का? विद्यार्थी विषय आखतो तेव्हा त्याला जे खुणावतं ते आत येतं आणि जे जड असतं ते गळतं. मुलाखती आणि नकाशे येतील, गम्बेल येणार नाही. आपल्याला काय येत नाही हेच माहीत नसेल तर ते यादीत लिहिणार कोण?

शिक्षकाने आखलेला पेपर कंटाळवाणा असू शकतो. तो सुधारा. पण आखण्याचं काम ज्याचं आहे त्याच्याकडेच राहू द्या.

राजारामपुरी_सहावी_गल्ली

सर, २६ टक्क्यांचं उदाहरण मी गटात आजच सांगणार आहे. गम्बेलचं नाव आमच्या आराखड्यात नाही, हे खरं. पण समिती आणि मार्गदर्शक आहेत ते यासाठीच. तुम्ही आत्ता जो शेरा मारलात तोच शेरा मारून आराखडा परत आला असता, आम्ही तिसऱ्या आठवड्यात ते घातलं असतं आणि ते कशासाठी शिकतोय हे प्रत्येकाला माहीत असतं. बी.एस्सी.ला हीच वितरणं आमच्यातल्या दोघांनी परीक्षेपुरती पाठ केली. पुराच्या आकड्यांवर ती वापरायची असतात हे त्यांना आत्ता कळतंय.

गारगोटीची_एसटी

चर्चा चांगली चाललीय, पण विद्यापीठाच्या आवारात बसून. माझं कॉलेज तालुक्याच्या गावाला आहे. आमच्या विभागात पूर्णवेळ एकच मॅडम, बाकी सगळे तासिका तत्त्वावर. त्यांना मानधन घेतलेल्या तासाचं मिळतं. गटाचा आराखडा वाचायचा, पोरांबरोबर गावात जायचं, दर आठवड्याला बसायचं, याचा तास कुठल्या रजिस्टरला लावणार? ते सर मनाने चांगले आहेत म्हणून फुकट करतील आणि आपण त्याला प्रयोगशील शिक्षण म्हणणार. हे मला पटत नाही.

दुसरं, वेळ. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली वाड्यावस्त्यांवरून येतात. शेवटची गाडी चुकली की घरून फोन सुरू होतात, आणि दोनदा चुकली की कॉलेज बंद. ‘कॉलेज सुटल्यावर गटाने जमायचं’ म्हटलं की त्या बाहेर पडल्या. मग कोर्स आखणार कोण? शहरात राहणारे, गाडी असणारे. ब्राउनचं उदाहरण वाचलं. तिथली मुलं कॅम्पसवरच राहतात.

ताराराणी_पुतळा

गारगोटीच्या दादांशी वेळेबाबत सहमत, आणि त्याच्याही पुढचं सांगते. मी तिसऱ्या वर्षाला आहे. गटाचं काम म्हणजे काय ते फील्ड प्रोजेक्टमध्ये पाहिलंय. अहवाल मुली लिहितात, तक्ते मुली करतात, टायपिंग मुलींचं. सादरीकरणाच्या दिवशी माईक मुलाच्या हातात आणि गुण सगळ्यांना सारखे. दोन जण तर विषय काय होता हेही सांगू शकले नसते. आता यात अभ्यासक्रम ठरवण्याची सत्ताही गटाला दिली तर ती कोणाच्या हातात जाणार ते मला दिसतंय. ‘विद्यार्थ्यांच्या हातात’ म्हणताना कुठले विद्यार्थी, हे आधी सांगा.

शिरोली_फौंड्री

मी शिक्षण क्षेत्रातला नाही. शिरोली एमआयडीसीत ओतकामाचा कारखाना चालवतो. आमच्याकडे पदवी घेऊन येणाऱ्या मुलांचे गुण चांगले असतात. कास्टिंगला ब्लोहोल (हवेची भोकं) आले की विचारतात, “सर, काय करू?” वाळूतला ओलावा बघायचा, की ओतायचं तापमान, की गेटिंग (साच्यात धातू जाण्याच्या वाटा), हे स्वतः लिहून काढून एकेक तपासणारा मुलगा क्वचित मिळतो. या धाग्यातल्या पोरांनी पुराबद्दल जे चार प्रश्न मांडलेत, तसे प्रश्न मांडता येणं हीच माझ्याकडची निम्मी नोकरी आहे. दोन क्रेडिट द्या. बिघडलं तर दोनच बिघडतील.

इचलकरंजीचा_पालक

दोनच बिघडतील असं म्हणणं तुम्हाला सोपं आहे. माझी मुलगी एम.पी.एस.सी.चा अभ्यास करते, सोबत बी.ए. चालू आहे. माग बंद पडत चाललेत, घरात शिकलेली ती पहिलीच. तिच्या गुणपत्रिकेवर जे नाव छापलं जाईल ते उद्या मुलाखतीत कोणाला तरी समजलं पाहिजे. तिने ठरलेला पेपर घेतला तर बाजारात पुस्तक मिळतं, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळतात, शिकवणी मिळते. स्वतः आखलेल्या विषयाला यातलं काय मिळणार? ज्यांच्या घरी चार पिढ्या शिकलेल्या आहेत त्यांनी प्रयोग करावेत. आम्हाला रस्ता आखलेलाच हवा.

राजारामपुरी_सहावी_गल्ली

काका, तुमचा मुद्दा मनापासून मानतो, म्हणून मागणी ऐच्छिक आहे. ज्याला नको त्याने ठरलेला पेपर घ्यावा. पण ‘आम्हाला आखलेलाच हवा’ याच्याशी मी सहमत होणार नाही. माझे वडील उसाच्या गाडीवर होते, माझ्याही घरी चार पिढ्या शिकलेल्या नाहीत. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली ती पहिल्या पिढीच्याच मुलांसाठी. पहिल्या पिढीचा मुलगा म्हणजे त्याला फक्त गाईड वाचू द्या, असं कोणी ठरवलं?

ताराराणी ताई, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. आमच्या गटात पाच मुली, तीन मुलं आहेत. तरी आराखडा मीच टाईप केला आणि इथेही मीच बोलतोय, हे तुमचा प्रतिसाद वाचताना दिसलं.

अभ्यास_मंडळ_माजी

एका अभ्यास मंडळावर काम केलेलं आहे, म्हणून कामकाजाचं थोडं सांगतो. नवा पेपर अभ्यास मंडळात मांडायचा, तिथून पुढच्या पायऱ्या चढत विद्या परिषदेपर्यंत न्यायचा. दरवर्षी नव्या गटाचा नवा विषय या वाटेने गेला तर तो मंजूर होईपर्यंत मुलं पदवी घेऊन बाहेर पडलेली असतील. त्यामुळे ‘विद्यार्थ्यांचा पेपर’ अशी नवी चौकट मागू नका. फील्ड प्रोजेक्ट आणि सामाजिक सहभागाच्या प्रकल्पाचे क्रेडिट आधीच आहेत. त्यात विषय आणि पद्धत ठरवायला कोणी मनाई केलेली नाही, फक्त आपण तिथेही छापील यादी देऊन मोकळे होतो. तिथून सुरुवात करा. प्रात्यक्षिक स्वरूपाच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात, म्हणजे दोन क्रेडिटला ६० तास. हे ६० तास वेळापत्रकात, दिवसाउजेडी, कॉलेजच्या वेळेत दाखवा. गारगोटीच्या मुद्द्याचा अर्धा भाग तिथे सुटतो. उरलेला अर्धा, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाचं मानधन, तो मार्गदर्शनाचे तास कार्यभारात धरल्याशिवाय सुटणार नाही आणि ते कॉलेजच्या हातात नाही, शासनाच्या हातात आहे. त्यासाठी भांडायला मी तयार आहे.

गटाच्या गुणांबद्दल डेन्मार्ककडे बघा. रॉस्किल्ड (१९७२) आणि आल्बोर्ग (१९७४) ही विद्यापीठं गटाच्या प्रकल्पावरच उभी आहेत. आल्बोर्गमध्ये साधारण निम्मं सत्र प्रकल्पाला जातं, गट स्वतः प्रश्न निवडतो, पर्यवेक्षक नेमलेला असतो. तिथेही ‘कोणी काय केलं ते कळत नाही’ हा आक्षेप इतका वाढला की २००० च्या दशकात सरकारने गटाची तोंडी परीक्षाच बंद केली. काही वर्षांनी ती परत आणली, पण गुण मात्र प्रत्येकाला वेगळा. म्हणजे काम गटाचं आणि उत्तर ज्याचं त्याने द्यायचं. आपल्याकडे याच्या उलट चालतं, म्हणून ताराराणी म्हणतात तसं होतं.

निवृत्त_संख्याशास्त्र

वैयक्तिक तोंडी परीक्षा असेल तर माझा एक आक्षेप कमी झाला. दुसरा शिल्लक आहे. समिती शेरे मारेल म्हणता, पण समितीत तो विषय जाणणारा माणूस असेलच कशावरून? पुराच्या कोर्सला जलशास्त्र जाणणारा लागतो, संख्याशास्त्राचा लागतो. तो नसेल तर आराखडा चांगला दिसतो म्हणून मंजूर होईल आणि चुकीचं शिकलेली मुलं आत्मविश्वासाने चुकीचं बोलतील. पुराच्या बाबतीत हे धोक्याचं आहे. न शिकलेलं बरं, पण असं शिकलेलं नको.

गारगोटीची_एसटी

सर, ज्या पेपरांना पाठ्यपुस्तक आहे तेही आमच्याकडे विषय न जाणणारा माणूस शिकवतो, कारण जागा रिकामी. तेव्हा कोणी हा प्रश्न विचारला नाही.

आणि एक गोष्ट माझ्या पहिल्या प्रतिसादात राहिली. मी विरोध केला तो आमच्याकडे हे जमणार नाही म्हणून, नको म्हणून नाही. आमच्या गारगोटीतच मौनी विद्यापीठाचा प्रयोग झाला, ग्रामीण भागाचं शिक्षण ग्रामीण भागाच्या गरजेतून आखायचं म्हणून. त्यामागे आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक होते. पुढे देशाच्या शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले ते हेच. आमच्या मुलांना आखायला विषय कमी नाहीत. हत्ती आणि गवे शेतात उतरतात त्याची भरपाई कशी ठरते, एवढा एक विषय घेतला तरी ६० तास कमी पडतील. पण मॅडम एकट्या आहेत.

ताराराणी_पुतळा

अभ्यास मंडळाच्या सरांना विनंती, मसुदा लिहाल तेव्हा हे घाला. आराखड्यावर प्रत्येकाने कोणता आठवडा आखला ते नावासह लिहायचं. सादरीकरण कोण करणार ते चिठ्ठीने, त्याच दिवशी ठरवायचं. आणि अहवालाचा प्रत्येक भाग कोणी लिहिला त्याची नोंद मार्गदर्शकाकडे दर आठवड्याला द्यायची, शेवटी एकदम नाही. हे असेल तर मी माझ्या वर्गात गट करायला तयार आहे. नसेल तर ठरलेला पेपर बरा, तिथे निदान माझं उत्तर माझंच असतं.

इचलकरंजीचा_पालक

मुलीला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणते, तिला मागावर काम करणाऱ्या बायकांच्या मजुरीचा विषय घ्यायचाय. माझं मत बदललेलं नाही. पण गुणपत्रिकेवर नाव काय छापणार, ते कोणी सांगाल का?

अभ्यास_मंडळ_माजी

‘फील्ड प्रोजेक्ट’ एवढंच छापलं जाईल, साहेब, इतर सगळ्यांच्या गुणपत्रिकेवर असतं तसं. विषयाचं नाव तिच्या अहवालावर. मुलाखतीला तो अहवाल तिला सोबत नेता येईल.

राजारामपुरी_सहावी_गल्ली

ताईंच्या तिन्ही अटी आराखड्यात घातल्या. निवृत्त सर, तिसऱ्या आठवड्यात काय वाचायचं ते सांगाल का? आणि समितीत तुम्ही बसणार का? विषय जाणणारा माणूस नसेल, हा तुमचा आक्षेप आहे, म्हणून तुम्हालाच विचारतोय.

निवृत्त_संख्याशास्त्र

वाचनाची यादी पाठवतो. समितीचं नंतर बघू, आधी आराखडा पूर्ण पाठव. पाणीपातळीच्या नोंदी किती वर्षांच्या आहेत आणि मोजमापाची जागा मध्ये बदलली का, हे पहिल्या पानावर हवं.