अनुभव धागा: फुकटची निसर्गफेरी, चोडण आणि तुमचा पहिला चिखल

रायबंदरची सून
परवा लेकाने शाळेतून चिठ्ठी आणली. रविवारी सकाळी साडेसहाला इथे गोव्यात रायबंदरच्या फेरीधक्क्यावर जमायचं, मांडवीपलीकडे चोडण बेटावर सलीम अली अभयारण्याच्या बाजूला पक्षी आणि खारफुटी बघायची. फी नाही. टोपी, पाणी आणा. वाचून लेक म्हणतो, "आई, फुकट कशाला नेतात गं?"

मला एकदम 2012 आठवलं. नुकतं लग्न झालेलं. माहेर कोल्हापूर, त्यामुळे खाडी म्हणजे वास येणारं पाणी एवढंच ज्ञान. शेजारच्या काकींनी अशाच एका फेरीला ओढून नेलं. सासूबाई घरी एकट्या म्हणून त्याही आल्या, नऊवारी खोचून. आठ जणांत एक दुर्बीण. नेणारा मुलगा अगदी तयारीचा. चिखलावर टुणटुण उड्या मारणारं काहीतरी दाखवून म्हणाला, हा मडस्किपर, हा मासा असून जमिनीवर चालतो. सगळे "ओहो" करतायत तेवढ्यात मागून सासूबाई. मूळच्या वेंगुर्ल्याच्या त्या. "हे तर निवटे! आमच्याकडे हेंचा सार करतत."

मुलगा गप्प. मग खो खो हसला आणि म्हणाला, आजी, तुम्हीच पुढे चला. पुढचा तासभर आजीच बोलत होत्या. तिवर कुठला, कांदळ कुठला, काटेरी पानांची मारांडी कुठली, कुठल्या बिळात कुर्ली असते आणि कुठल्या बिळात हात घालायचा नाही. लग्नाला चार महिने झाले होते, पण ही बाई मला त्या दिवशी भेटली.

तुमचेही लिहा. चोडण, करमळीचं तळं, पणजीला पाटोच्या खाडीवरची खारफुटीतली पायवाट, काहीही चालेल. फुकटची हवी मात्र!

फेरीबोट
पहिली मी. साध्या फेरीबोटीला माणसाचं तिकीट नाही हे बाहेरच्यांना पटतच नाही. पुण्याचा मावसभाऊ दहाची नोट हातात धरून चोडण येईपर्यंत कंडक्टर शोधत होता. आता तर रो-रो, म्हणजे नवी वेगवान फेरीबोट, आली, नोट खिशातून काढेपर्यंत पलीकडे.

चप्पलहरवली
पहिला चिखल गुडघाभर. उजवी चप्पल अजून तिथेच आहे. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

करमळीकाठ
चोडणचं कौतुक सगळेच करतात, मी करमळीच्या तळ्याचं लिहितो. रेल्वे स्टेशनच्या जवळच. हिवाळ्यात तिथे अडई बदकं उतरतात, उडताना शिट्टी वाजवतात. फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षीमोजणी असते, कोणीही भाग घ्यावा, पैसे नाहीत. किमान पंधरा मिनिटं पक्षी बघायचे आणि दिसेल ते मोजून नोंदवायचं. मला वाटलं सोपं आहे. अडईंचा थवा उठला आणि मी वहीत लिहिलं "असंख्य". शेजारी बसलेल्या बाई, साठीच्या असतील, म्हणाल्या, "असंख्य हा आकडा नव्हे रे बाबा." मग शिकवलं: आधी दहा मोज, दहा किती जागा घेतात ते डोळ्यांत भर, मग थव्यात असे दहाचे तुकडे किती बसतात ते बघ. एकशे ऐंशी आले. आता ही सवय इतकी लागलीय की जत्रेतली माणसंसुद्धा दहा-दहाने मोजतो. बायको वैतागते.

सोलकढी
@रायबंदरची सून ताई, निवट्यांचं सार कसं करायच्या ते लिहा ना! अवांतर आहे, पण राहवत नाही.

रायबंदरची सून
@सोलकढी फार बुळबुळीत असतात म्हणून आधी राखेत चोळायच्या. मग ओलं खोबरं, मिरची, आंबटाला सोलं आणि चार तिरफळं. पण त्या फेरीनंतर त्यांनी कधी केलं नाही. म्हणायच्या, एवढ्या लोकांनी दुर्बिणीतून बघितलेलो मासो कसो खाऊ?

शाकाहारी खंड्या
मला आपलं नुसतं बघू द्या.

डिचोलीकरीण
माझी मुलगी सहा वर्षांची असताना पाटोला नेली होती. कांदळाला लांब हिरव्या शेंगा लटकलेल्या. ताईने सांगितलं, ह्या साध्या शेंगा नव्हेत, बी झाडावरच रुजतं आणि रोप तयार झालं की खाली चिखलात पडतं. मुलगी म्हणे, "म्हणजे हे झाड पिल्लं देतं?" ताई म्हणाली, हो, तसंच. घरी आल्यावर मुलीने आजोबांना सांगितलं की पणजीत गाभण झाडं आहेत. आजोबा बँकेतून निवृत्त, त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हिला नक्की कुठे नेतेस तू?

फेरीबोट
हाहाहा गाभण झाडं

निवृत्त मास्तर
आमचा अनुभव फसलेला. एकदा चाळीस मुलं घेऊन गेलो. नेणाऱ्या मंडळींनी सकाळी सातची वेळ दिली होती, भरती कोणी पाहिलीच नव्हती. पोचलो तर चिखल सगळा पाण्याखाली. खेकडे नाहीत, निवटे नाहीत, चिखलात चोच खुपसणारे पक्षी तर नाहीतच. एक घार होती, तीही पाठ करून बसलेली. मुलांनी डबे खाल्ले आणि आलो परत.

घरी येऊन दिनदर्शिका पाहिली तर नवमी. आमचे आजोबा कोकणातला हिशोब सांगायचे: तिथीला पाऊणने गुणा, येईल त्या तासाला भरती. नऊ पाऊणे पावणेसात. गोव्यात थोडी आधीच होते, पण अंदाज चुकत नाही. भरती दर दिवशी साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्याचाच हा पाढा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी धरा आणि मग मुलांना न्या. तेव्हापासून चिठ्ठी आली की आधी तिथी बघतो. मुलं मला "पंचांग सर" म्हणायची, मला ठाऊक होतं.

काणकोणची
मगर दिसते का हो तिथे? मुलाला न्यायचं तर मला तेवढंच विचारायचं आहे.

करमळीकाठ
@काणकोणची मांडवीत क्वचित. कुंभारजुव्याच्या कालव्यात आहेत, पण निसर्गफेरी नेणारे तिकडे चिखलात उतरवत नाहीत. घाबरू नका.

फोंड्याचो
मगरीवरून आठवलं. आमच्या दुर्भाटला पौष अमावास्येला मानगे थापणी असते. खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतात, चिखलाची मगर करून तिची पूजा करतात. मानगे म्हणजे मगर. बांध फुटला की खारं पाणी शेतात, म्हणून बांधाच्या बाजूला राहणाऱ्या मगरीला राखण मानायचं. लहानपणी डोळ्यांना शिंपले लावायला आम्हा पोरांची भांडणं. तेव्हा कोणी त्याला निसर्ग शिक्षण म्हणत नव्हतं. असो, धाग्याचा विषय नाही.

सोलकढी
@फोंड्याचो विषय नाही कसा, फुकटच होतं की!

म्हापशेकर
चतुर्थीआधी डोंगरावर माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांचं, सामान ओळखायची फेरी केली होती, तीही विनामूल्य. कांगण्या, कवंडळ, घागऱ्या वेलावर आणि झुडपावर असतात हे मला चाळिशीत कळलं. तोवर मला वाटायचं, त्या म्हापशाच्या बाजारातच उगवतात.

स्वयंसेवक
थोडं कडू लिहितो, राग मानू नका. मी अशा फेऱ्या नेतो. तीस जण नाव नोंदवतात, नऊ येतात. त्यातले दोघे मोठी लेन्स घेऊन सगळ्यांच्या पुढे पळतात आणि पक्षी उडवून लावतात. एकदा एकाने विचारलं, नाश्ता कधी आहे? शंभर रुपये लावले तर तीसचे तीस येतील, मला माहीत आहे. पण मग फेरीबोटीतून कामाला जाताना सहज थांबणारी मासळीवाली येणार नाही, आणि ताईंच्या सासूबाईंसारखी कोणी तर नाहीच.

ताई, तुमच्या लेकाला सांगा, आम्ही फुकट नेतो कारण रविवारी पहाटे पाचला एकट्याने उठायला जिवावर येतं.

चप्पलहरवली
आले परत. चप्पल नको, जुने लेसवाले बूट घाला, घट्ट बांधा. तिवराची श्वास घेणारी मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात, तळव्याला टोचतात. आणि मच्छर. बास, एवढंच सांगायचं होतं. कुकर करपला.

डिचोलीकरीण
@स्वयंसेवक दादा, तो नाश्ता विचारणारा आमचा नवरा असू शकतो. माफी.

रायबंदरची सून
सगळ्यांना धन्यवाद, रात्रीच वाचून काढलं. लेकाला @स्वयंसेवक यांचं उत्तर सांगितलं, म्हणतो, मग मलाही नको उठायला. तरी टोपी शोधतोय.

मास्तर, उद्या तृतीया. तीन पाऊणे सव्वादोन, म्हणजे ओहोटी सव्वाआठला. बरोबर ना?

निवृत्त मास्तर
शाब्बास. अर्धा तास आधीच पोचा.

रायबंदरची सून
हो. जुने बूट माळ्यावर सापडले. एकच आहे पण.

चप्पलहरवली
दुसरा चोडणला असेल. माझ्या चपलेजवळ बघा.