लाकनवाचे राठ केस हाताने काढणं आणि टाचा धरायची सवय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमच्याकडे लाकनवा जातीची कुत्री आहे, नाव ताशा, वय दीड वर्षाच्या आसपास. बेल्जियन शेफर्डचे चार प्रकार असतात ना, मॅलिन्वा, ग्रोनेंडाल, तेर्व्हुरेन आणि लाकनवा, त्यातला हा सगळ्यात कमी दिसणारा आणि एकटाच राठ केसांचा, त्यामुळे अनुभवी माणूस सापडतच नाहीये. दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

पहिली केसांची. वरचे केस काथ्यासारखे कडक आणि आत मऊ थर. पाठीवरचे आणि मानेवरचे आता खूप वाढलेत, विस्कटलेले दिसतात, चिमटीत धरून ओढले की बरेचसे अलगद हातात येतात आणि ती मजेत पडून राहते. पण मांडीच्या मागे नि पोटाकडे हात नेला की लगेच पाय झटकते. ग्रूमर म्हणतात कशाला त्रास, मशीन फिरवून टाकू. माझं मन अजिबात तयार नाही कारण मशीनने पोत बिघडतो असं वाचलंय. हे खरंच इतकं बिघडतं का? आणि घरी हाताने करायचं तर सुरुवात कुठून, एका वेळी किती?

दुसरी गोष्ट जास्त काळजीची. घरी भाचरं येतात, ती पळायला लागली की ताशाचं डोकं खाली जातं, आवाज नाही काही नाही, बाहेरून गोल फेरी मारून मागून येते आणि टाचेला दात लावते. रक्त कधीच आलेलं नाही, पण धाकटा आता तिला बघूनच आईला चिकटतो आणि मला फार वाईट वाटतं, कारण एरवी ती त्याच्या पायाशीच झोपते. घरचे म्हणतात पाहुणे आले की बांधून ठेव. फिरायला भरपूर नेते हो मी, रोज सकाळ संध्याकाळ, तरी हे थांबत नाही. ओरडलं की ती कोपऱ्यात जाऊन बसते नि मग बोलावलं तरी येत नाही, त्यामुळे मारणं ओरडणं यातलं काही सुचवू नका प्लीज.

प्रतिसाद

ताई, मशीनला नाही म्हणताय ते अगदी बरोबर. कडक केस पूर्ण वाढला की मुळाशी सैल होतो, तो उपटला की त्याच जागी नवा कडक केस येतो. मशीनने तो फक्त वरून कापला जातो, जुनं मूळ आत तसंच राहतं, आतला मऊ थर वर दिसायला लागतो, रंग फिका पडतो आणि चिखल पाणी धरून बसतं. मेंढ्यांमागे उघड्यावर पावसात राहणारं कुत्रं हे, तो कडक थर म्हणजे त्याचा रेनकोट.

हाताने करताना आधी आंघोळ नको, केस निसरडे होतात. रबरी बोटटोप्या किंवा ग्रूमिंगची खडू पावडर वापरा, एका हाताने कातडी ताणून धरायची आणि केस ज्या दिशेला वाढलाय त्याच दिशेला थोडे थोडे ओढायचे. जो येत नाही तो अजून तयार नाही, सोडून द्या. मांडी, पोट इथली कातडी नाजूक, तिथे ओढूच नका, बोथट टोकाच्या कात्रीने नीट करा. एका बैठकीत सगळं संपवायचं नाही, कातडी लाल दिसली की थांबा.

टाचांचं म्हणाल तर ते तिच्या रक्तातच आहे, कळप असाच वळवतात, नुसतं चालवून ते जात नाही. भाचरं आली की घरातसुद्धा लांब दोरी लावा, बांधून ठेवण्यासाठी नाही, वेळेत थांबवण्यासाठी. डोकं खाली गेलं की त्या क्षणी हाक मारा आणि वळून आली की बक्षीस, टाचेपर्यंत पोचल्यावर उशीर झालेला असतो. मुलांना सांगा, ती मागे आली की किंचाळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, पळणारं काही उरलं नाही की तिचा रस थोडा ओसरतो. आणि ती त्यांच्यात असताना मोठं माणूस तिथे हवंच. शिवाय तिला काम द्या, वास घेऊन वस्तू शोधणं किंवा मोठे बॉल ढकलत गोलमध्ये नेणं, त्याला ट्राइबबॉल म्हणतात, जर्मनीत सुरू झालेला खेळ आहे, या जातींना फार आवडतो. चटईवर शांत पडून राहणंसुद्धा शिकवावं लागतं, ते आपोआप येत नाही.

धागाकर्ती

खूप खूप आभार! हाक मारायची वेळ चुकत होती बहुतेक, मी टाचेला दात लागल्यावरच बोलवत होते. लांब दोरी आजच काढते, आणि धाकट्याला झाड व्हायचा खेळ आधी ताशा दुसऱ्या खोलीत असताना शिकवते. एकच राहिलं, हनुवटीखालची दाढी पाणी प्यायल्यावर कायम ओली राहते आणि वास येतो, ती पुसून कोरडी ठेवणं पुरे की तिथलेही केस काढायचे?