मदत हवी आहे : वायू कृष्णविवरात पडतच नाही!

धूमकेतू_७ : जाणकारांनो, जरा लवकर सांगा, परवा गाइडना दाखवायचंय. दीर्घिकेचं सिम्युलेशन चालवतोय. वायू छान आत येतो आणि केंद्रापासून ३०० पार्सेकवर (साधारण हजार प्रकाशवर्षं) कडं करून बसतो. कृष्णविवर उपाशी. काय करू?

उत्तररात्र : कृष्णविवराचं वस्तुमान किती? दीर्घिकेला दांडा आहे का, म्हणजे मधोमध ताऱ्यांचा लांबट पट्टा? वायू गिळण्याचा दर कशावरून काढताय? काहीच न सांगता आम्ही काय सांगणार, कप्पाळ!

धूमकेतू_७ : १० कोटी सूर्य. दांडा आहेच, त्याशिवाय वायू आत कसा येईल? दर नेहमीच्या बाँडीच्या सूत्राने.

भटका_फोटॉन : सोपं आहे. दुसरी दीर्घिका आणून धडकवा. मी तेच केलं, क्वेसार (भरपूर वायू गिळून झळाळणारं कृष्णविवर) लगेच पेटला.

उत्तररात्र : झालं यांचं सुरू. मध्यम तेजाची सक्रिय केंद्रकं, म्हणजे वायू गिळणारी कृष्णविवरं, बहुतेक वेळा शांत, न विस्कटलेल्या दीर्घिकांत सापडतात. तिथे कोण धडकलं?
धूमकेतू, बाँडीचं सूत्र १९५२ चं, त्यात वायूच्या फिरण्याचा हिशेबच नाही. ३०० पार्सेकवर वायू सेकंदाला २०० किमीने फिरत असेल, तर त्याचा कोनीय संवेग (फिरण्याचा जोर, वेग गुणिले अंतर) २०० गुणिले ३०० म्हणजे ६०,०००. न फिरणाऱ्या कृष्णविवराजवळच्या शेवटच्या स्थिर कक्षेत (तिच्या आत गेलेला वायू पडतोच) हाच आकडा जेमतेम ५! एवढा कोनीय संवेग कुणाच्या तरी गळ्यात मारल्याशिवाय वायू आत जाणार नाही. दांडा कड्यापर्यंतच आणून सोडतो. एनजीसी १०९७ या दीर्घिकेचा फोटो बघा, केंद्राभोवती नवजात ताऱ्यांचं असंच कडं आहे.

भटका_फोटॉन : आणि तेजस्वी क्वेसारला वर्षाकाठी एक-दोन सूर्यांचा वायू लागतो, तो तुमचा दांडा पुरवणार का?

तिन्हीसांज : एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराच्या फोटोबद्दल कुणीच बोललं नाही! २०१९ मध्ये आला तो. त्यातला केशरी रंग खरा नाही बरं का, रेडिओ लहरींना नंतर दिलेला आहे.

नवखा : अवांतर : आपल्या आकाशगंगेतलं कृष्णविवर आपल्याला गिळेल का?

तिन्हीसांज : ते सुमारे २६,००० प्रकाशवर्षं लांब आहे, निवांत झोपा. शेजारच्या मोठ्या ताऱ्यांच्या वाऱ्यावर त्याची गुजराण चालते, त्यातलंही फारसं आत जात नाही. २०१४ मध्ये जी२ नावाचा धूळ-वायूचा गोळा त्याच्या अगदी जवळून गेला, दुर्बिणी डोळे लावून बसल्या होत्या, आतषबाजी काही झाली नाही.

उत्तररात्र : मूळ प्रश्नाकडे येऊ या का? धूमकेतू, रेझोल्यूशन किती, म्हणजे सिम्युलेशनमधलं एक घर केवढं? वायूचं स्वतःचं गुरुत्व चालू आहे ना?

धूमकेतू_७ : ४० पार्सेक. गुरुत्व बंद ठेवलंय, लवकर चालावं म्हणून. त्याने काय फरक पडतो?

उत्तररात्र : सगळाच! दांड्याच्या आत आणखी एक छोटा दांडा तयार होऊन वायू खाली उतरतो, ही कल्पना १९८९ पासून आहे. त्याला वायूचं गुरुत्व लागतं. कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या अगदी आतल्या तबकडीत चुंबकीय क्षेत्रामुळे होणारा खळबळाट संवेग बाहेर नेतो. तुमच्या ४० पार्सेकच्या एका घरात हे सगळं गडप. आधी गुरुत्व चालू करा, मग कड्याच्या आतला भाग बारीक करा. ताऱ्यांची निर्मितीही हवी, काही वायू वाटेतच तारे होऊन बसेल.

धूमकेतू_७ : हे परवापर्यंत होईल?

भटका_फोटॉन : नाही. म्हणून म्हणतो, धडकवा.