स्वतःच्या सर्व्हरसाठी सुरक्षित होस्टिंग पॅनेल कोणते निवडावे?

प्रश्न
नमस्कार. गावातील वाचनालय, दोन शाळा आणि ओळखीचे काही दुकानदार अशी एकूण १४ संकेतस्थळे मी शेअर्ड होस्टिंगवर सांभाळतो. ती सगळी २ जीबी मेमरीच्या व्हीपीएसवर (भाड्याने घेतलेल्या स्वतंत्र आभासी सर्व्हरवर), डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली घालून, हलवायची आहेत. लिनक्सच्या आज्ञा मला येतात. परंतु प्रत्येक डोमेनसाठी एनजिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी, डेटाबेस आणि मेलबॉक्स हाताने मांडण्याइतका वेळ मिळत नाही, शिवाय शिक्षकांना आपला ईमेलचा पासवर्ड स्वतः बदलता यायला हवा. ही कामे ब्राउझरमधून करू देणाऱ्या होस्टिंग पॅनेलांपैकी सीपॅनेलची सवय आहे. पण २०१९ पासून त्याचा परवाना खात्यांच्या संख्येवर आकारला जातो आणि ते डेबियनवर चालतही नाही. हेस्टिया, सायबरपॅनेल आणि वेबमिन या पॅनेलांपैकी सर्वांत सुरक्षित कोणते? एका शाळेच्या संकेतस्थळावर पालकांचे फोन क्रमांक साठवलेले आहेत, म्हणून अधिक काळजी वाटते.

प्रतिसाद १
पॅनेल रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या सर्वोच्च, अधिकाराने काम करते, त्यामुळे त्यातील एक त्रुटी म्हणजे सगळा सर्व्हर दुसऱ्याच्या हाती. तिन्हींचा इतिहास पाहिल्याशिवाय निवड करू नये, असे माझे मत आहे.

वेबमिनच्या बाबतीत २०१८ मध्ये कोणीतरी थेट सॉफ्टवेअर तयार होते त्या यंत्रात शिरून चोरदरवाजा घातला. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील कोड स्वच्छ होता, पण लोक उतरवून घेत होते ती फाइल दूषित होती, आणि हे उघडकीस यायला ऑगस्ट २०१९ उजाडला. कर्त्यांनी काय घडले ते मोकळेपणाने लिहिले आणि १.९३० ही आवृत्ती काढली. ही गोष्ट मी त्यांच्या बाजूने धरतो. सायबरपॅनेलमध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये लॉगिन न करताच रूट म्हणून आज्ञा चालवता येतील अशी त्रुटी सापडली. इंटरनेटवर उघडी असलेली सुमारे २२ हजार पॅनेले तिच्या टप्प्यात आली आणि अनेकांच्या फाइली खंडणीखोरांनी कुलूपबंद केल्या. दुरुस्तीचा कोड गिटहबवर आलेला होता, पण तो सर्वांपर्यंत पोहोचण्याआधीच हल्ला झाला.

हेस्टिया ज्या व्हेस्टा या जुन्या पॅनेलपासून निघाले, त्या व्हेस्टाची इन्स्टॉल करण्याची स्क्रिप्टच २०१८ मध्ये बदलली गेली होती आणि नव्या सर्व्हरचा अ‍ॅडमिन पासवर्ड परस्पर बाहेर जात होता. तरीही आपल्या गरजेसाठी मी हेस्टियाच सुचवेन. ते फक्त डेबियन व उबुंटूपुरते मर्यादित आहे, द्विस्तरीय पडताळणी त्यात आहे आणि वारंवार चुकीचे लॉगिन करणाऱ्यांना अडवणारे फेल२बॅन सोबतच येते. २ जीबीवर क्लॅमएव्ही हे व्हायरसरोधक मात्र घालू नये. एकटे तेच १ जीबीहून अधिक मेमरी खाते.

प्रतिसाद २
वरील निवड योग्यच आहे, पण पॅनेलचा दरवाजा साऱ्या जगाला उघडा ठेवणे हा खरा धोका आहे. हेस्टिया ८०८३, सायबरपॅनेल ८०९० आणि वेबमिन १०००० या पोर्टवर ऐकते, आणि उघडे दरवाजे शोधत फिरणारे स्वयंचलित प्रोग्राम रात्रंदिवस हेच क्रमांक ठोठावत असतात. फायरवॉलमध्ये ८०८३ बाहेरच्यांसाठी बंद करावा, आपल्या संगणकावरून एसएसएच बोगदा (सर्व्हरपर्यंतची कूटबद्ध जोडणी) काढून तिकडचा ८०८३ इकडच्या ८०८३ ला जोडावा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (आपल्याच संगणकाचा पत्ता) उघडावे. नाव जुळत नसल्याने प्रमाणपत्राची सूचना येईल; ती येणारच. शिक्षकांना पॅनेल दाखवण्याची गरजच नाही, कारण राउंडक्यूब या वेबमेलच्या सेटिंगमधून त्यांना पासवर्ड बदलता येतो आणि ती विनंती सर्व्हरच्या आतल्या आतच पॅनेलकडे जाते.

मी स्वतः हे केले नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची एकसारखी चिठ्ठी पडलेली दिसली. पॅनेल दररोज रात्री बॅकअप घेत होते, मात्र तो त्याच डिस्कवर ठेवत होते, त्यामुळे तोही कुलूपबंद झाला आणि एका संस्थेची चार वर्षांची छायाचित्रे कायमची गेली. हेस्टियाही मुळात त्याच सर्व्हरवर बॅकअप ठेवते. दुसऱ्या यंत्राने येऊन तो ओढून न्यावा, आणि त्या यंत्राची किल्ली सर्व्हरवर कधीही ठेवू नये.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. बोगदा काढून पाहिला, चालला. प्रवासात फोनवरून काम करायचे झाल्यास काय करावे? आणि १४ स्थळे एकाच खात्याखाली ठेवली तर चालतील का?

प्रतिसाद १
फोनसाठी वायरगार्ड हे व्हीपीएन (सर्व्हरशी खासगी जोडणी) घ्यावे आणि ८०८३ केवळ त्याच्या आतील पत्त्यांना खुला ठेवावा. एकाच खात्याखाली मात्र मुळीच ठेवू नयेत. हेस्टियात पीएचपी त्या-त्या खात्याच्या नावाने चालते. एका दुकानदाराच्या जुन्या वर्डप्रेस प्लगइनमधून कोणी आत शिरला, तर त्या खात्यातील बाकीच्या सगळ्या फाइली त्याला वाचता येतात, अगदी डेटाबेसचे पासवर्डसुद्धा. प्रत्येक ग्राहकाचे खाते वेगळे असावे, आणि अ‍ॅडमिनच्या खात्यात एकही संकेतस्थळ ठेवू नये. पालकांचे क्रमांक संकेतस्थळावर असण्याची गरज खरोखरच आहे का, हेही शाळेला विचारावे.

प्रश्नकर्ता
विचारले. ती यादी २०२१ मध्ये ऑनलाइन वर्गांसाठी घातली होती आणि नंतर कोणीही वापरलेली नाही. मुख्याध्यापकांच्या संमतीने ती आजच काढून टाकली. स्थलांतर येत्या शनिवारी, सुरुवात वाचनालयापासून करतो.